शिंदेमामांचा हात

यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांना मी सोपं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी शिकवतो. आमचे परीक्षक म्हणजे कारखान्यातले जुने मेकॅनिक शिंदेमामा. विद्यार्थ्याने आपल्या सूचना मोठ्याने वाचायच्या आणि मामांनी ऐकलं तेवढंच करायचं, असा नियम.

काल रेवतीची पाळी होती. यंत्र घरघरत होतं. तिने ऐटीत वाचलं, झाकण उघडा. मामांनी उघडलं. हात आत घालून पट्टा काढा. मामांनी बाही सारली आणि हात आत जाऊ लागला. पुढची ओळ कागदावर होती: त्याआधी यंत्र बंद करा. ती वाचायला वेळच उरला नाही.

"मामा, थांबा," रेवती ओरडली.

हात वीतभर अलीकडे थांबला. मामांनी शांतपणे विचारलं, "हे 'थांबा' कागदात आहे का, पोरी? पुस्तक वाचून काम करणाऱ्याजवळ तू नसशील."

रेवतीने खालची ओळ वर नेली.

मी मात्र जन्मभर महत्त्वाची गोष्ट शेवटासाठी राखून ठेवत आलो. लोकांना ताटकळत ठेवण्यात केवढी मजा असते. पण काल संध्याकाळी घरी किस्सा सांगताना मी सुरुवातच अशी केली, "मामांचा हात शाबूत आहे."

बायको म्हणाली, "मग आता ऐकायला उरलं काय?"