लाल-पांढरा दोरा

आज ऑफिसात एका ग्रीक सहकारिणीच्या मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ दिसला. मार्च लागला की त्यांच्याकडे तो बांधतात, हे मला माहीत होतं.

मी लहान असताना आम्ही आखातात, रुवैसला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्या वर्षी रत्नागिरीला नानी गेली आणि अम्मीला मय्यतीला पोचता आलं नाही. अम्मी रडली नाही. ती स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची.

एका सकाळी शेजारच्या एलेनी आंटी असाच दोरा घेऊन आल्या आणि अम्मीचा हात धरून बांधू लागल्या. त्यांचं इंग्रजी मी अम्मीला समजावून सांगत होते.

"तावीज आहे का गं?" अम्मीने हात मागे घेत विचारलं.

"नाही. वसंत आला म्हणून बांधतात. याने मार्चच्या उन्हात चेहरा काळवंडत नाही म्हणे."

अम्मीने खिडकीबाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाकडे पाहिलं. "तिला सांग, इथल्या उन्हाला दोरा नाही पुरायचा, दोरखंड लागेल." आणि तिने हात पुढे केला.

मी सांगितलं तशा आंटी खो खो हसल्या. अम्मीही हसली, आणि हसता हसता हुंदके देऊन रडायला लागली. आंटींनी तिला जवळ घेतलं. त्या ग्रीकमध्येच काहीतरी पुटपुटत राहिल्या.

तिचं रडणं कशाचं होतं, ते आज कळतं. तेव्हा मला वाटलं, दोरा रुततोय. मी धावत जाऊन कात्री आणली. अम्मीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मनगट ओढणीखाली झाकलं.