कानवाल्या डॉक्टरांचे घोडे

मुलांच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, कानवाल्या डॉक्टरांची खोली होती. लहान मुलांचे कान पुन्हा पुन्हा का फुटतात, या एकाच प्रश्नामागे ते एकवीस वर्षं हात धुऊन लागले होते. त्यावर त्यांचे सव्वीस शोधनिबंध छापून आले होते आणि जगाने त्यांची बेताबेतानेच दखल घेतली होती. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा दाखला दिला की एक सायटेशन. डॉक्टरांची अशी एकशे त्रेचाळीस होती. त्यांतली एकतीस त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती, पण ती गोष्ट ते चारचौघांत काढत नसत.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते कॉम्प्युटरवर आकडा बघायला बसत. बायको म्हणे, "अहो, गॅसवरच्या दुधाकडेसुद्धा मी इतक्यांदा बघत नाही!"

एका सोमवारी आकडा दिसला एक हजार दोनशे सहा. डॉक्टरांनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. आकडा जागचा हलला नाही. दुपारी विभागप्रमुख बाई स्वतः खोलीत आल्या.

"छुपे रुस्तम निघालात की! प्राध्यापकपदाच्या अर्जात हाच आकडा टाका. शुक्रवारी समिती बसतेय. आणि गुरुवारी तुमच्या सगळ्यात गाजलेल्या निबंधावर विद्यार्थ्यांसमोर बोला."

"छे हो, कसलं काय," असं डॉक्टर म्हणाले खरे, पण अर्जात आकडा लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं आलं.

संध्याकाळी कॉलेजात जाणारी लेक कौतुकाने ती यादी वाचायला बसली. वाचता वाचता थबकली.

"बाबा, घोड्यांच्या खुरांना पडणाऱ्या भेगा... हे कधी लिहिलंत तुम्ही?"

"काय?"

"आणि हे बघा, नाल ठोकण्याच्या दोन पद्धतींची तुलना. हाच सगळ्यात गाजलाय."

दूर कुठेतरी त्यांच्याच नावा-आडनावाचे एक पशुवैद्य होते आणि कॉम्प्युटरने दोघांना एका दावणीला बांधलं होतं. बायको हसून हसून बेजार झाली. "तरीच! म्हटलं, एकाएकी कानांवर एवढा जीव कुणाचा जडला!"

"चूक मी केलेली नाही, कॉम्प्युटरने केलीय," डॉक्टर म्हणाले.

"मग त्यालाच करू दे की प्राध्यापक."

मंगळवार त्यांनी मनाची समजूत घालण्यात घालवला. बुधवारी जिन्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, उद्या कशावर बोलणार?" नाल ठोकण्यावर तासभर बोलायचं या विचाराने डॉक्टरांना घाम फुटला. ते तडक बाईंकडे गेले. त्या घडीला प्रामाणिकपणा जास्त होता की घाबरगुंडी, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शिपाई दार उघडून डोकावला. मग त्यांनी पेन काढून अर्जातला आकडा दुरुस्त केला. "एकशे त्रेचाळीस. तुमची स्वतःची एकतीस मी वजा करत नाही, काय?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्या वर्षी प्राध्यापकपद हृदयरोगावर काम करणाऱ्याला मिळालं, आणि डॉक्टर आठवडाभर घरात तोंड पाडून हिंडले. पण त्यांनी पशुवैद्यांना पत्र लिहून सगळा घोटाळा कळवला होता. त्याचं उत्तर आलं.

"माझ्या यादीत हे कान कुठून आले, याचा मी कधीचा विचार करत होतो. सहज वाचायला घेतले आणि सगळे वाचून काढले. वाहता कान कापसाच्या वातीने कोरडा ठेवायची तुमची रीत मी एका शिंगरावर करून पाहिली. गुण आला. नव्या निबंधात तुमचा दाखला दिलाय."

"माणसांनी नाही, निदान घोड्यांनी तरी ऐकलं तुमचं," बायको म्हणाली. डॉक्टरांनी ते पत्र मात्र तिला दोनदा वाचून दाखवलं.

प्राध्यापक ते पुढच्या वर्षी झाले. दरम्यान डॉक्टर आणि पशुवैद्य दोघांनी मिळून घोड्यांच्या कानांवर एक निबंध लिहिला. लेखकांच्या जागी एकच नाव दोनदा आलेलं पाहून संपादकाने त्यातलं एक खोडून टाकलं. ते परत घालून घ्यायला दोघांना तीन-तीन पत्रं लिहावी लागली, आणि कुणाचं नाव खोडलं होतं यावर त्यांचा अजून वाद चालू आहे.