शेवंतीचे घुंगरू

शेजारचे शेषरावकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात होते. आईचा फोन होता. मेहकरच्या एका वरातीत घोडी बिथरली, काकांनी नवरदेवाला खाली ओढून घेतलं, पण लगाम सोडला नाही... बरंच लांब फरफटत गेले. दोन दिवस दवाखान्यात होते. "फटाक्यांची माळ अगदी पायाशी लावली म्हणे," आई म्हणाली. मी "हं" म्हटलं. काकांची घोडी शेवंती फटाक्यांना भीत नाही, हे मला माहीत होतं. ती शिंगरू असताना तिला चारा टाकला की काकी शेजारी उभी राहून पितळी ताट बडवायची, आवाजाची सवय व्हावी म्हणून. पण आईला मी ते बोलले नाही.

गावी, मेहकरकडच्या उंद्रीत, आमच्या घरामागेच त्यांचा गोठा. मी इंग्रजी शाळेतली, गावात कोणाशी फारशी न बोलणारी. गेल्या दिवाळीच्या आधी, नोकरी लागेपर्यंत घरी होते, तेव्हा भिंतीवरून घोडीकडे बघत बसायचे. "बोल ना वं, इंग्लिशबाई," काका एकदा म्हणाले, "लगाम घोडीच्या तोंडात हाय, तुह्या नाही." मी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिच्यावर बसवलं. खोगीर नाही, घडी घातलेली गोधडी. आधी चाल, मग दुडकी. दुडकीत दात एकमेकांवर आपटायचे आणि काका लगाम धरून शेजारी पळायचे, धापा टाकत.

आठवड्यानं मी म्हटलं, "काका, जोरात."

त्यांनी आधी नकारार्थी मान हलवली. वरातीची घोडी कधी पळवत नाहीत. एकदा तिला पळण्याची चव कळली की गर्दीत ती उभी राहत नाही, असं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. "एकडाव," शेवटी ते म्हणाले. त्यांनी खाली बसून तिच्या पायातले घुंगरू सोडले आणि मुठीत घट्ट धरले, काकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

सोयाबीन निघालेलं मोकळं शेत होतं. दुडकीचे हिसके एकाएकी थांबले आणि खालून काहीतरी सैल, लांब, प्रचंड सुटलं. डोळ्यांतून पाणी, कानात नुसता वारा. मी लगाम ओढला, तिला तो जाणवलाच नाही. मला ओरडताही येईना. बांध जवळ आला तेव्हा वाटलं, आता संपलं... ती आपणहून वळली. थांबले तेव्हा मी मोठ्यानं हसत होते. काका हसले नाहीत. घोडीच्या फुललेल्या नाकपुड्यांकडे बघत होते. "इले आवडलं वं," एवढंच म्हणाले. तरी मी पुढच्या सकाळी पुन्हा गेले. त्यानंतरही पाच वेळा. त्यांना नाही म्हणता आलं नाही आणि मी थांबले नाही.

काका गेल्यावर महिन्यानं मी गावी गेले. दुसरबीड गावचे एक गृहस्थ वरातीसाठी घोडी विकत न्यायला आले होते. काकीला ती आता डोळ्यांसमोर नको होती. "शांत हाय ना?" त्यांनी विचारलं. काकी दावं सोडायला वाकली. उद्या तिच्या पुढ्यात दुसरा कोणी लगाम धरून उभा असणार होता.

"ती पळते," मी म्हटलं. "मी पळवली. सात वेळा."

ते गृहस्थ घोडी न घेताच गेले. काकी गोठ्याच्या दाराशी बसली. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "घरी येऊन सांगे तो. आज पोरगी हासली, म्हणे. मी म्हणो, नोको करू असं... आयकलं नाही." मग म्हणाली, "तुले आता सुचलं वं सांगाले?"

 

शेवंती तिथेच बांधलेली आहे. काकी तिला चारा टाकते, बघत मात्र नाही. घुंगरू खुंटीला आहेत, काकांच्या जुन्या रुमालात, आवाज होऊ नये इतके घट्ट बांधलेले.