तुरुंगातली ओवाळणी

"काय को घाई, मास्तर? मी कुठं जायलोय?"

कमरेवर हात ठेवून तो हे म्हणायचा. जन्मठेपेच्या कैद्याला असं म्हणायला कुणाची हरकत? हैदराबादच्या तुरुंगात मी कैद्यांना लिहा-वाचायला शिकवत असे, आणि खरं सांगतो, वर्गात मला तोच आवडायचा.

नामपल्लीला त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं एसटीडी बूथ होतं. तेव्हा गल्लोगल्ली बूथ निघत होती, धंदा जोरात होता, आणि नवऱ्याला भागीदार नकोसा झाला. त्यानं भागीदाराला भोसकलं. कोर्टात बहिणीनं शपथेवर भावाचं नाव घेतलं आणि आपलं कुंकू राखलं.

पुढे नवरा दारूनं मेला आणि तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. जुळणारा एकच माणूस निघाला, तो आमच्याकडे आत. कोर्टाची परवानगी आली, डॉक्टर तयार झाले. त्याची तेवढी सही राहिली होती.

"काय को घाई?" तो वकिलाला म्हणाला. "भाऊबीजेला ये म्हणावं. ओवाळणी घालतो."

भाऊबीज महिनाभर लांब होती, तिचे पाय सुजून खांब झाले होते. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली.

तेलुगू जेलरसाहेबांना कळेना की राखी होऊन गेली, मग पुन्हा बहीण कशाला? तुम्हा लोकांचं एका सणात भागत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी समजावून सांगितलं. आत काडेपेटी नेता येत नाही म्हणून शेवटी निरांजन त्यांनीच लावून दिलं.

ती भिंत धरत आली. ताट वर केलं तसं त्यानं काठ धरून ते थांबवलं.

"आधी सांग. कुणी मारलं?"

ती रडत राहिली. तो उभा राहिला. त्याला घाई नव्हतीच.

"यांनी," ती म्हणाली.

"यांनी नको. कोर्टात माझं नाव घेतलीस ना? आता त्याचं घे."

जन्मात कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव तिनं शिपायांसमोर घेतलं. मग त्यानं ओवाळून घेतलं आणि संध्याकाळी सही केली.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो. तुझं मन मोठं, असं काहीतरी बोललो.

"मन कुठलं, मास्तर? मेली असती तर सुटली असती. आता जगू द्या. रोज मुतताना माझी याद येऊ द्या."

पुढे शिक्षेत सूट मिळून सुटल्यावर तो शहर सोडून गेला. कुठं, ते फक्त मला सांगून गेला.

ती आता चांगली धडधाकट आहे. दर भाऊबीजेला जामबागला माझ्या दारात ताट घेऊन येते आणि दादा कुठंय म्हणून विचारते. निरांजन घरूनच लावून आणते, पदरानं झाकत.

"काय को घाई?" मी म्हणतो आणि दार लावून घेतो.