न उघडलेली पत्रिका

"पत्रिका जुळत नाही," असं मुलुंडहून कार्ड आलं आणि आमच्या घाटकोपरच्या खोलीत आई रडायला लागली. माझा जन्म गावचा, कोकणातला. घरात घड्याळ नव्हतं. माझी जन्मवेळ आईने अंदाजाने सांगितलेली, कोंबडा आरवल्यानंतर थोड्या वेळाने. आपण वेळ चुकीची सांगितली म्हणून मुलीचं स्थळ गेलं, असं तिने मनाशी धरलं आणि मंगळवारचे उपास सुरू केले. तेही निर्जळी. आधीच अशक्त बाई, तिसऱ्या मंगळवारी नळावर चक्कर येऊन पडली.

स्थळ गेल्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. मुलाच्या आईने बघायला आल्यावर विचारलं होतं, "गाण्याची आवड आहे का?" मी म्हटलं, "ऐकायची आहे, गाता येत नाही. पण तुमचा मुलगा कधीचा गप्प बसलाय. मी पसंत नसेन तर आत्ताच सांगू दे ना." आमची माणसं खो खो हसली. मूळची पुण्याची ती मंडळी मात्र बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिली.

आई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता मुलुंडला गेले. मुलाच्या आईने हसून आत घेतलं, चहा ठेवला. मी पत्रिका परत मागितली. तिने कपाटातून पाकीट काढून दिलं. बाबांनी खळ लावून चिकटवलेलं ते पाकीट जसंच्या तसं बंद होतं.

"उघडलंच नाहीत?"

ती ओशाळली. "अगं, तसं कळवायची पद्धत असते. कुणाचं मन दुखावू नये म्हणून."

"माझी आई उपास करून आडवी झालीय! मी आवडले नाही, तर तसं लिहायचं ना."

"असं तोंडावर कसं सांगणार?"

"मी आलेय ना ऐकायला. सांगा."

तिने चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुझं बोलणं आमच्या घरात पेलवलं नसतं." त्या घरात मला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. मला बरं वाटलं. मी चहा संपवून निघाले.

घरी आल्यावर पाकीट आईच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. चिकटवलेल्या कडेवरून तिने दोनदा बोट फिरवलं.

"म्हणजे माझा काय चुकला नाय?"

"नाय गो आई. माझं तोंड नडलं."

ती भिंतीला टेकून पुन्हा रडली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिसरा आठवडा चालू होता, ही बाई स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि म्हणे कुणाचं मन दुखावू नये!

तेव्हापासून मला फटकळ म्हणणारे म्हणोत. पुढचं स्थळ आलं तेव्हा मंडळी नीट टेकायच्या आधीच मी सांगितलं, "नको असेन तर नको म्हणा. पत्रिकेचं नाव घ्यायचं नाही."

सगळे आईकडे बघायला लागले. तिने मला आवरलं नाही.