दोन्ही मुठीत मुरमुरे

आमच्या गॅलरीतले किस्से मी कुठं लिहून ठेवत नाही, तशी गरजच पडत नाही. एक सांगायला घेतला की दुसरा मागं उभाच असतो, रेशनच्या लायनीसारखा. कुडव्यातल्या आमच्या गल्लीत बायका भाजी निवडता निवडता विचारतात, "सांग वं, आज काय झालं तुह्या फोटोच्या गोदामात?"

गोदाम म्हणतात ते खोटं नाही. फुलचूरकडे एका बंद राईस मिलचं गोदाम होतं. आमच्या मालकीण मॅडमनी त्याला पांढरा रंग मारला आणि आर्ट गॅलरी केली. मी दाराशी स्टुलावर बसते. येणाऱ्याला "हात लावू नका" सांगायचं, हे माझं काम. शिक्षण सातवी असलं तरी आवाज खणखणीत आहे, लोक ऐकतात.

काळजी असते ती माझ्या आरूची. चार वर्षांची आहे. घरी तिला बघायला कोणी नाही, म्हणून सोबत आणते. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आण, पण एकदा जरी चित्राला हात लागला तर दुसऱ्या दिवसापासून ती घरी." ती घरी म्हणजे मीही घरी. म्हणून मी एक युक्ती काढली. आत शिरताना तिच्या दोन्ही मुठीत मुरमुरे देते. ते बाहेर जाऊन खायचे आणि हात पुसून परत यायचं. मुठी भरलेल्या असल्या की लावायला हात उरतच नाही. तरी दिवसभर माझा एक डोळा तिच्या मुठींवर असतो.

* * *

आमच्या गल्लीतल्या शेवंताबाई पहिल्यांदा गॅलरीत आल्या तेव्हा एका चित्रकाराचं प्रदर्शन होतं. समोरच्या भिंतीवर त्यानं स्वतःचाच मोठा चेहरा काढून लावला होता, वरून लाईट सोडला होता. शेवंताबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि बाजूला उभ्या माणसाला हळूच विचारलं, "कधी गेले जी?"

तो म्हणाला, "अहो, मीच आहे तो."

शेवंताबाईंनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "तेच म्हणतो, हार काऊन नाही घातला."

* * *

मागे एक व्हिडिओ लागला होता. त्यात फक्त तळ्याचं पाणी, बाकी काही नाही. मधूनच थोडं हलायचं. लोक यायचे, बघायचे, पुढं जायचे. एक म्हातारेबाबा मात्र खुर्ची ओढून बसले ते उठेचनात.

शेवटी मीच म्हटलं, "बाबा, यात पुढं काही होत नाही."

"होईल ना. आम्ही रातरातभर नाटक पाह्यणारे मानसं आहोन. हिरो उशिराच येते."

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले, डबा बांधून! जाताना त्या आजी मला म्हणाल्या, "पानी बढिया काम करून राह्यलं."

* * *

शनिवारी मॅडम कुडव्यात बायकांचा चित्रांचा वर्ग घेतात. एकदा नागपूरचे एक सर शिकवायला आले. सगळ्यांना कोरे कागद दिले आणि म्हणाले, "मनात येईल ते काढा." सगळ्या बायकांनी आधी ठिपके मांडले. रांगोळीची सवय हो. सर म्हणाले, "ठिपके नकोत. मन मोकळं सोडा."

शेवंताबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मन मोकडं सोडलं तं सैपाक तुमी याल का कराले?"

पुढच्या शनिवारी सरांनीच ठिपक्यांचा कागद छापून आणला.

* * *

एका उद्घाटनानंतर सकाळी पाहिलं, तर पांढऱ्या भिंतीवर, चित्राला अगदी लागून, तेलकट पंजा. पंजा आरूच्या उंचीवर नव्हता, पण भीतीला उंची कुठं कळते! मॅडमनी मला बोलावलं, आरूलाही बोलावलं. मग वाकून भिंतीचा वास घेतला.

"हा समोसा आहे," मॅडम म्हणाल्या. "ही मुरमुऱ्यावाली आहे. जा."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आरू म्हणाली, "आई, मी खाऊ का आता?"

* * *

आणि आता या हिवाळ्यातलं. एका पोरीनं भाताच्या तणसाच्या आणि बारदान्याच्या म्हशी बनवल्या होत्या, खऱ्याएवढ्या. तिचं म्हणणं, यांना हात लावूनच बघायचं. दारावर पाटीसुद्धा लावली, "हात लावा."

उद्घाटनाला गर्दी झाली. नागपूरहून मोठे साहेब आले होते. पण हात कोणी लावेना. सगळे हात मागे बांधून उभे. वर्षभर मीच तर तसं उभं करून ठेवलं होतं. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "तूच सांग त्यांना."

मी म्हटलं, "लावा हात, चालते."

शेवंताबाई म्हणाल्या, "आजवर हाकलत होती, आता कायले बलावून राह्यली? आनं म्हशीच पाह्यच्या तं घरी दोन हायेत मायाकडं."

लोक हसले. मग साहेबच पुढं झाले आणि त्यांनी म्हशीच्या पाठीवर ठेवायला हात उचलला.

आरू माझ्या बाजूनं कधी सुटली ते कळलंच नाही. साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "हात लावू नका." त्यांच्या एका हातात आपली एक मूठ मुरमुरे ओतले. दुसऱ्या हातात दुसरी मूठ ओतली. मुठी मिटवून दिल्या.

मॅडमकडे बघायची माझी हिंमत होईना. उद्यापासून आपण दोघी घरी, एवढंच डोक्यात.

साहेबांनी मिटलेल्या मुठींकडे पाहिलं. "मग आता?"

"बाहेर जाऊन खायचे. मग हात पुसून यायचं."

साहेब गेले. खरंच गेले. पायरीवर बसून त्यांनी मुरमुरे खाल्ले आणि सगळं उद्घाटन आत थांबून राहिलं. रुमालानं हात पुसत परत आले आणि दोन्ही तळवे आरूपुढं धरले. तिनं उलटे करायला लावले, नीट पाहिले.

"लावा," ती म्हणाली.

मग लाईनच लागली. शेवंताबाई पहिल्या. जो येईल तो आधी आरूला तळहात दाखवायचा, मग म्हशीकडं जायचा.

सगळ्यात शेवटी मॅडम उभ्या होत्या, बांगड्या मागं सारून, दोन्ही हात पुढं करून.