फोटो कोण खात होतं?

"ताई, तुमना अँटिव्हायरस मन्हा फोटो खाई ऱ्हायना! आत्ताच्या आत्ता बंद करा त्याला!"

फोनवर शहाद्याचे रईसभाई होते. फोटो स्टुडिओवाले. लग्नाचा अल्बम करावा तर त्यांनीच, असं आजूबाजूची गावं म्हणतात. त्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. माझं दुकान नंदुरबारला, पण त्या दुपारी मी प्रकाशा गावात एका दवाखान्यातला प्रिंटर उघडून बसले होते. दोन्ही हात शाईने काळे.

"खातोय म्हणजे काय? स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा."

"फोटोंची नावं बदलली. काहीतरी उलटंसुलटं आलंय, उघडतच नाहीत. वर तुमच्या अँटिव्हायरसची लाल चौकट. ब्लॉक केलं म्हणतोय. खाली दोन बटणं, अलाऊ आणि रिमूव्ह. मी अलाऊ दाबतो. सुरतवाला दोस्त पण तेच म्हणतोय."

"कोण सुरतवाला?"

"त्यानेच नवं पॅक पाठवलं ना!"

पॅक म्हणजे अल्बमच्या पानांची तयार डिझाइनं. फुलं, कमानी, ढग, राजहंस, जे हवं ते. विकत मिळतात, पण आमचे स्टुडिओवाले ती चोरून उघडलेली, फुकटची, एकमेकांना पाठवत असतात. सोबत एक सूचना हमखास येते: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा. अहो, घरात शिरणारा माणूसच जर कुत्रा बांधून ठेवा म्हणत असेल, तर जरा शंका येऊ नये? रईसभाईंना आली नाही. सूचनेबरहुकूम त्यांनी बंद केला होता.

"रईसभाई, माउसवरून हात काढा! अलाऊ दाबलं तर एक फोटो उरणार नाही!"

"मागच्या सीझनलाही असाच अडवत होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, अलाऊ करा."

हे मात्र खरं होतं. त्यांचं अल्बमचं सॉफ्टवेअर एका झटक्यात शेकडो फोटो उजळ करून पुन्हा सेव्ह करतं. अँटिव्हायरसला ते संशयास्पद वाटायचं. मग मी त्या एकट्या सॉफ्टवेअरला सूट दिली होती. रईसभाईंनी त्यातून धडा घेतला तो असा, की लाल चौकट आली की अलाऊ दाबायचं. धन्य आहे!

"कॅमेऱ्याच्या कार्डात फोटो आहेत ना?" मी विचारलं.

"कार्ड पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट केली. सीझन आहे, ताई."

"आणि बॅकअपची डिस्क?"

"आहे की! कॉम्प्युटरलाच लावलेली असते. कायम."

म्हणजे चोर तिजोरीपर्यंत आला असता तर शेजारची पेटीही त्याचीच. मी कपाळावर हात मारला आणि कपाळही काळं केलं.

त्यांचा फोन स्पीकरवर होता. मागून एका मुलीचा आवाज आला, "काका, हात काढा. ताई काय सांगी ऱ्हायनी ते आयका. मन्हा पप्पाना दुसरा फोटोच नही शे."

ती तेजल, वडिलांचा फोटो घ्यायला आलेली. तिच्याच लग्नाचे फोटो त्या फोल्डरमध्ये होते. लग्न होऊन हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती आणि वडील हार्ट अटॅकने गेले. आता उद्यावर गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा विधी, आली होती, फोटोला हार घालायचा होता. आणि हा माणूस उभ्या आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर थांबला नव्हता. आधार कार्डावरचा फोटो काय, तो कुणाचाही वाटतो. चांगले म्हणावे असे फोटो होते ते फक्त त्या लग्नातले.

मी म्हटलं, "तेजल, नेटची वायर काढ, ती बाहेरची डिस्क काढ. कॉम्प्युटर बंद करू नका, काही दाबू नका. मी निघाले." डॉक्टरांना प्रिंटर तसाच उघडा दाखवून सॉरी म्हटलं आणि स्कूटी शहाद्याच्या रस्त्याला लावली.

स्टुडिओत पोहोचले तर तेजल कॉम्प्युटरसमोर बसलेली आणि माउस वायरीसकट काढून तिच्या मांडीवर. रईसभाई बाजूला, शाळेत उभं केल्यासारखे. "घेऊन बसलीय, देईना," ते म्हणाले.

"शाब्बास," मी तिला म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

आता इथे जरा समजावून सांगते. साधा अँटिव्हायरस काम करतो तो यादीवर. पोलीस चौकीत गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात ना, तसं. चेहरा यादीत असेल तर पकडला. पण व्हायरस करणारे रोज नवा चेहरा घेऊन येतात. म्हणून त्यात दुसरी एक सोय असते, बिहेवियर ब्लॉकर. तो तोंड बघत नाही, वागणं बघतो. लग्नघरात अनोळखी माणूस जेवून गेला तर कुणी काही म्हणत नाही. पण तोच माणूस दागिने ठेवलेल्या खोलीत शिरून एकामागून एक पेट्या उघडायला लागला, तर कितीही कडक सूट घातलेला असो, त्याची गचांडी धरतातच. ब्लॉकरचं तेच. एखादा प्रोग्राम धडाधड फोटो उघडून त्यांना कुलूप घालायला लागला, की धर.

रईसभाईंनी यादीवाला पहारा बंद केला होता. वागणं बघणाऱ्याचं बटण वेगळं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून तो जागा राहिला. पॅकमधल्या प्रोग्रामने थोड्याच फोटोंना कुलूप घातलं आणि याने त्याला आडवा केला. फोटो खाणारा होता तो पॅकमधला प्रोग्राम. रईसभाई बोंब मारत होते ती पकडणाऱ्याच्या नावाने!

"माउस दे आता," मी तेजलला म्हटलं. तिने दिला, पण खुर्ची सोडली नाही.

मी रिमूव्ह दाबलं. प्रोग्राम गेला. बिघडलेले फोटो मात्र तसेच. तेजलने माझा दंड धरला.

"थांब," मी म्हटलं. "हा पठ्ठ्या अजून हुशार आहे."

आमच्या या अँटिव्हायरसमध्ये एक खुबी आहे. संशयित प्रोग्रामने फाइलला हात लावला की तो आधी तिची प्रत गुपचूप बाजूला ठेवतो. चोर ठरला तर ती परत जागेवर. तसं कंपनीवाले सांगतात खरं. पण कंपनीवाले काय, काहीही सांगतात. तरी मी रिस्टोअर दाबलं.

एकेक फोटो आपल्या नावानिशी परत यायला लागला. वरात. हळद. मामा. सप्तपदी. मी खुर्चीवरच टाळी वाजवली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या न दिसणाऱ्या रखवालदाराची पाठ थोपटावीशी वाटली. दोन फोटो काही आले नाहीत. आजूबाजूचे बघून रईसभाईंनी आठवून सांगितलं, एकात रिकामा मंडप होता, दुसऱ्यात त्यांचाच अंगठा.

तेजल स्क्रीनला डोळे लावून होती. एका फोटोवर ती थांबली. तिचे वडील पंगतीत वाढत होते. फेटा एका कानावर आलेला, बाह्या वर, हातात वरणाची बादली, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागे टाकून हसत होते.

"हाऊच फोटो," ती म्हणाली. "पप्पा हसी ऱ्हायनात."

रईसभाई लगेच कामाला लागले. "बादली कापतो, मागे निळं आभाळ टाकतो, फेटा सरळ करतो."

"काहीच नका करू, काका. बादली ऱ्हाऊ द्या."

आणि मग ती रडली. रईसभाई आत जाऊन पाणी आणतो म्हणाले आणि बराच वेळ आले नाहीत. मी प्रिंटरमध्ये कागद भरला.

ब्लॉकरला तेजल कोण, तिचे पप्पा कोण, काही ठाऊक नव्हतं. त्याने फक्त वागणं पाहिलं. आपण ओळख बघतो. दोस्ताने पाठवलंय ना, मग ठीक, म्हणून दार उघडतो. तेव्हा पॅक दोस्ताचं असो की सख्ख्या भावाचं, पहारा बंद करायला सांगत असेल तर ते पॅक फेकून द्या. फोटोंची प्रत डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कार्ड फॉरमॅट करायचं ते त्यानंतर.